पडल्याशिवाय शिट्टी नाही

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या २०२५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, ओक्लाहोमा सिटीचा शे गिल्जस-अलेक्झांडर फ्री थ्रो, म्हणजे फाऊलबद्दल मिळणारा एका गुणाचा विनाअडथळा नेम, घ्यायला रेषेवर उभा राहिला की मिनेसोटाचं अख्खं स्टेडियम एका सुरात ओरडायचं: ‘फ्री थ्रो मर्चंट’, म्हणजे मार लागल्याचं नाटक करून फ्री थ्रो कमावणारा व्यापारी. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, विजेतेपदही त्याच्याच संघाने नेलं, पण तेव्हा पेटलेला वाद अजून विझलेला नाही. एक बाजू म्हणते, हे खेळाडू नाहीत, नट आहेत. यांच्यावर बंदी घाला. दुसरी बाजू म्हणते, नियमात राहून गुण मिळवणं हीसुद्धा हुशारी आहे, ती तुमच्या खेळाडूला जमत नाही म्हणून तुमचा जळफळाट होतो. तावातावाने चाललेल्या या भांडणात पुरावा म्हणून फ्री थ्रोंचे आकडे फेकले जातात. पण त्या हंगामात गिल्जस-अलेक्झांडरने सामन्यामागे नऊच्या आसपास फ्री थ्रो घेतले आणि मिलवॉकीच्या जिआनिस अँटेटोकूम्पोने त्याहून जास्त. जिआनिसच्या नावाने तशी घोषणा कुणी देत नाही. म्हणजे या आकड्यातून नाटक किती आणि खरा मार किती, हे कळतच नाही. कोण सज्जन आणि कोण लबाड एवढंच काय ते ठरवायचं चाललंय, आणि ज्याच्या तोंडात शिट्टी आहे तो माणूस या चर्चेत कुठेच नाही.

खोटा फाऊल हा प्रश्न खेळाडूच्या नीतीचा कमी आणि पंचगिरीचा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. पंचांनी आधी खोट्या पडण्याला शिट्टीचं बक्षीस देणं थांबवावं. उघड नाटक दिसलं तर तिथल्या तिथे शिक्षा द्यावी. ती हलकी असावी, पण न चुकता मिळावी. आणि या दोन्हींहून महत्त्वाचं म्हणजे, मार खाऊनही जो खेळाडू पायावर उभा राहतो त्याचा फाऊल त्याला मिळावा. ही तिसरी गोष्ट वादात कुणी उच्चारत नाही. माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

हे नाटक आजच्या पोरांनी आणलं, पूर्वीचे खेळाडू कसे मर्दासारखे खेळायचे, हा सूर आधी बाजूला ठेवू. १९६३ च्या डिसेंबरमध्ये बोस्टन सेल्टिक्सच्या फ्रँक रॅमझीने ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ मासिकात पंचांना फसवून फाऊल कसे मिळवायचे याचे धडेच दिले होते. फाऊल मिळवायचा तर थोडं नाट्य लागतं आणि ते योग्य माणसाच्या डोळ्यांसमोर करावं लागतं, असा त्याचा एकूण सल्ला. हा कुणी कोपऱ्यातला खेळाडू नव्हता. सात विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत आणि पुढे तो हॉल ऑफ फेममध्येही गेला. त्यानंतर ऐंशीच्या दशकात डेट्रॉइटचा बिल लॅम्बिअर, नव्वदीत व्लादे दिवाच. प्रत्येक पिढीने आपापले उस्ताद पाहिले. साठ वर्षं एखादी सवय टिकते आणि नावाजलेले खेळाडू ती उचलतात, तेव्हा ती कुणा एकाच्या स्वभावात नसते. तिला खेळाच्या हिशेबातच जागा असते.

तो हिशेब साधा आहे. एनबीएमध्ये शंभर फ्री थ्रोंपैकी पंचाहत्तरहून अधिक आत जातात. म्हणजे दोन फ्री थ्रो मिळाले की सरासरी दीड गुण पदरात पडतो. चेंडू हातात घेऊन केलेल्या नेहमीच्या आक्रमणातून सरासरी सव्वा गुणसुद्धा निघत नाही. शिवाय समोरच्याच्या खात्यात एक फाऊल चढतो, सहावा झाला की तो बाहेर. फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत तर पाचव्यालाच. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चांगल्या बचावपटूला पहिल्या दहा मिनिटांत दोन फाऊल लागले की प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतो, आणि मग सामन्याचा रंगच बदलतो. एवढी कमाई एका झटक्याने मान मागे टाकून होत असेल, तर ती कोण सोडेल? ज्याची नोकरी, करार आणि संघाचा हंगाम त्या एका शिट्टीवर लटकलेला आहे, त्याला प्रामाणिकपणाचं प्रवचन देऊन काय होणार?

एनबीएने प्रवचनाच्या पुढचा उपाय २०१२-१३ मध्ये करून पाहिला. सामना झाल्यावर लीगच्या कार्यालयात व्हिडिओ बघायचे. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी ५,००० डॉलर दंड, मग १०,०००, १५,०००, पाचव्या उल्लंघनाला ३०,००० आणि त्यापुढे सामनाबंदीची शक्यता. पहिला दंड ब्रुकलिनच्या रेजी इव्हान्सला झाला. प्लेऑफमध्ये ताकीदही काढून टाकली. मे २०१३ मध्ये मायामी आणि इंडियाना यांच्यातल्या चौथ्या सामन्यानंतर लेब्रॉन जेम्स, डेव्हिड वेस्ट आणि लान्स स्टीफन्सन या तिघांना प्रत्येकी ५,००० डॉलरचा दंड झाला. लेब्रॉनला त्या हंगामात पावणेदोन कोटी डॉलर मिळत होते. ८२ सामन्यांत वाटले तर एका सामन्याचे दोन लाखांहून अधिक होतात. म्हणजे दंड त्याच्या एका सामन्याच्या कमाईचा चाळिसावा भागसुद्धा नव्हता. पण रक्कम लहान होती ही माझी मुख्य तक्रार नाही. दंड जाहीर झाला सामन्यानंतर दोन दिवसांनी. तोवर गुणफलक कायम झालेला, ज्यांच्यावर फाऊल चढले ते चढलेले. खोट्या पडण्याने ज्याचं नुकसान झालं त्या संघाला त्या दंडातून काय मिळालं? लीगच्या तिजोरीत पैसे गेले. आणि ज्या पंचाला फसवलं गेलं, तो पुढच्या शहरात पुढच्या सामन्यात तसाच फसायला मोकळा राहिला.

फुटबॉलने हाच धडा जास्त बोचऱ्या रीतीने घेतला आहे. २००२ च्या विश्वचषकात ब्राझील आणि तुर्कस्तान यांच्या सामन्यात शेवटच्या क्षणी ब्राझीलचा रिवाल्दो कॉर्नरच्या झेंड्यापाशी उभा होता. हाकान उन्सालने त्याच्याकडे चेंडू मारला, तो लागला मांडीला, आणि रिवाल्दो चेहरा धरून कोसळला. उन्सालला दुसरं पिवळं कार्ड मिळून तो बाहेर गेला. रिवाल्दोला नंतर ११,५०० स्विस फ्रँकचा दंड झाला, आणि महिनाभराने त्याने विश्वचषक उंचावला. फसवणुकीला पिवळं कार्ड द्यायचा नियम तेव्हा होता. १९९९ मध्येच तो स्पष्ट लिहिला गेला होता. पण पंचाने तो वापरायला नाटक ओळखावं लागतं, आणि त्याने ओळखलं नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१७ मध्ये सामन्यानंतर दोन सामन्यांची बंदी घालायची सोय केली. ती दंडापेक्षा निश्चित बरी. पण त्या बंदीचा फायदा कुणाला होतो? बंदीच्या काळात ज्यांच्याशी सामना असेल त्यांना. ज्यांना लुबाडलं ते आहेत तिथेच.

म्हणून २०२३-२४ च्या हंगामापासून एनबीएने घेतलेलं वळण मला योग्य दिशेचं वाटतं. आता पंच सामन्यातच फ्लॉप, म्हणजे खोट्या पडण्याचा फाऊल, देऊ शकतो. त्याला टेक्निकल फाऊल, म्हणजे धक्क्यासाठी नव्हे तर वागणुकीसाठीचा फाऊल, म्हणतात, पण तो बेशिस्तीचा धरत नाहीत, त्यामुळे कितीही झाले तरी खेळाडू हाकलला जात नाही. समोरच्या संघाला एक फ्री थ्रो आणि खेळाडूला २,००० डॉलर दंड. पंचाला त्याच क्षणी खेळ थांबवायची सक्ती नाही. चालू आक्रमण पुरं होऊ देऊन मग तो निर्णय देऊ शकतो. फिबाच्या पद्धतीत साधारणपणे आधी ताकीद मिळते, ती त्या संघातल्या सगळ्यांना लागू होते, आणि पुन्हा कुणी तसंच केलं तर टेक्निकल फाऊल आणि एक फ्री थ्रो. दोन्हीकडे शिक्षा हलकी आहे, आणि ती हलकी आहे म्हणूनच मी तिच्या बाजूने आहे.

यावर कडकपणाचे पुरस्कर्ते उसळून म्हणतील, एका फ्री थ्रोने कोण सुधारणार? दोन फ्री थ्रो आणि चेंडू द्या, दुसऱ्यांदा केलं तर बाहेर काढा. त्यांनी अमेरिकेच्या शाळांमधलं बास्केटबॉल पाहावं. तिथल्या नियमपुस्तकात खोटा फाऊल घेण्याला थेट खेळाडूवर टेक्निकल फाऊल अशी शिक्षा कितीतरी वर्षं छापलेली होती. कागदावर याहून कडक काय हवं? पण अर्ध्या सेकंदात दिसलेल्या, थोड्याशा शंकास्पद गोष्टीसाठी सोळा वर्षांच्या पोरावर एवढा बोजा टाकायला कुठल्या पंचाचा हात सहज उचलेल? २०२४-२५ पासून तिथे आधी संघाला ताकीद आणि नंतर संघावर टेक्निकल असा नरम नियम आला. शिक्षेची भीती तिच्या जडपणावर कमी आणि ती मिळण्याच्या खात्रीवर जास्त अवलंबून असते. जी शिक्षा द्यायला पंच कचरतो, ती खेळाडूच्या हिशेबात शून्य धरली जाते.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे घेऊ, कारण त्यांत खरोखर वजन आहे. पहिला मुद्दा असा की हेतू कुणाला दिसतो? वेगाने धावणारा माणूस हवेत असताना कोपर लागलं तर त्याचं शरीर कुठे जाईल हे त्यालाही सांगता येत नाही. पंचाने मनात डोकावायचं का? हे अगदी मान्य. पण पंचाकडून तशी अपेक्षाच नाही. एनबीएने २०१२ मध्ये कसोटी घातली ती शरीराच्या प्रतिक्रियेची: झालेल्या धक्क्याचा जोर आणि दिशा बघता एवढी, अशी प्रतिक्रिया होणं शक्य होतं का? ही डोळ्यांनी तपासायची गोष्ट आहे. खांद्याला उजवीकडून धक्का लागला आणि डोकं सरळ मागे झटकलं गेलं, तर दिशा जुळत नाही. छातीवर खरंच माणूस आदळला तर आधी धड मागे जातं, पाय मागून सरकतात, हात आपोआप अंगाशी येतात. नाटकात दोन्ही हात आधी वर उडतात, तोंडातून आवाज निघतो, आणि पाय धक्का पोचायच्या आतच जमीन सोडतात. शंका असेल तर पंचाने फ्लॉप देऊच नये. उघड असेल तेवढंच द्यावं. हेतूचा प्रश्न एवढ्याने निम्म्याहून अधिक मिटतो.

दुसरा मुद्दा वेगाचा. हे सगळं दिसायला वेळ कुठे असतो? इथे पंच बघतो कुठे, हे महत्त्वाचं. रिंगखाली बेसलाइनवर उभा असलेला पंच, ज्याला लीड म्हणतात, तो चेंडूच्या मागे नजर फिरवत राहिला तर त्याला घटनेचा शेवट तेवढा दिसतो: दोन शरीरं भिडली आणि एक खाली गेलं. मग पडलेल्याला फाऊल मिळतो. म्हणून चांगल्या शिबिरात नव्या पंचाला पहिल्यापासून बजावतात की चेंडूवाल्याला नाही, बचावपटूला बघ. बचावपटू वेळेत जागेवर आला का, त्याची छाती समोर आहे का, तो बाजूला किंवा पुढे सरकतोय का, रिंगखालच्या अर्धवर्तुळाबाहेर त्याच्या टाचा आहेत का. आणि दोन खेळाडूंच्या मधली फट दिसेल अशा कोनात उभा राहा. जो पंच संपर्काच्या आधीपासून बचावपटूला बघतोय, त्याला धक्क्याआधीच मागे कलंडायला लागलेला माणूस स्पष्ट दिसतो. पाठीमागून, फट न दिसणाऱ्या जागेवरून बघणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही, मग नियम कितीही कडक करा.

तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. खरंच लागलेल्याला नाटकी ठरवलं तर? मार त्याने खाल्ला, फाऊल मिळाला नाही, वर समोरच्याला फ्री थ्रो. डोक्याला मार लागलेला माणूस विचित्र पडतो, आणि ते पडणं पंचाला नाटक वाटू शकतं. ही भीती खोटी नाही, आणि शिक्षा हलकी ठेवण्याचं हे दुसरं कारण. एका फ्री थ्रोची चूक संघाला झेपते, हकालपट्टीची झेपत नाही. निर्णय थोडा उशिराने द्यायची मुभा इथेच कामाला येते: आक्रमण पुरं होऊ द्या, खेळाडू उठतोय का बघा, सहकारी पंचाला विचारा. डोक्याला किंवा मानेला संपर्क झाल्याची शक्यता असेल तिथे फ्लॉप देऊच नये, अशी सूचनाही मी नियमात लिहून टाकेन. आणि खरा फाऊल झाला असेल, त्यावर खेळाडूने चार आणे नाट्य चढवलं असेल, तर फाऊल द्यायचाच. नाटक केलं म्हणून मार पुसला जात नाही.

चौथा मुद्दा चार्ज घेणाऱ्यांचा, म्हणजे जागा धरून उभं राहून आदळणाऱ्या आक्रमकावर फाऊल मिळवणाऱ्यांचा. बास्केटबॉल उंच आणि धिप्पाड लोकांचा खेळ आहे. सहा फुटी माणसाने शंभर-सव्वाशे किलोच्या, पूर्ण वेगात येणाऱ्या देहासमोर पाय रोवून उभं राहायचं आणि छातीवर धक्का घ्यायचा, हे धाडस आहे. ते केलेल्याला नट म्हणणं हा अन्याय. नियमही त्याच्या बाजूने आहे: जागा कायदेशीर घेतली असेल तर इजा टाळण्यासाठी तो अंग फिरवू शकतो, हात अंगाशी घेऊ शकतो. पण याच मुद्द्यावरून मला उलट निष्कर्ष निघतो. खोट्या चार्जला शिट्टी मिळत राहिली तर खऱ्या चार्जची किंमत जाते. छातीवर धक्का घेणारा आणि हवेला भिऊन पडणारा दोघांना एकच फाऊल मिळणार असेल, तर धक्का घ्यायचा कुणी?

आता शिट्टी न वाजवण्याबद्दल, कारण पंचाकडे असलेली ही सर्वांत मोठी शिक्षा आहे आणि तिला नियमपुस्तकात कलमसुद्धा लागत नाही. बचावपटू नाटक करून पडला आणि पंचाने शिट्टी वाजवली नाही, तर आक्रमक समोरून सरळ रिंगकडे जातो. पडलेला जमिनीवर, त्याचा संघ पाचाविरुद्ध चार. नेम मारणारा उगाच कोसळला आणि चेंडू हुकला, तर तो उठेपर्यंत समोरचा संघ पलीकडे पोचतो, तिथेही चारच बचावाला. प्रशिक्षकाला हे डोळ्यांसमोर दिसतं आणि टाइमआउटमध्ये तो जे बोलतो ते कुठल्याही दंडापेक्षा झोंबतं. मग टेक्निकलची गरजच काय, असं कुणी विचारेल. गरज अशी की पंच कधी ना कधी फसतोच, आणि दर काही प्रयत्नांत एकदा दीड गुण मिळणार असेल तर काही खेळाडूंना तो जुगार परवडतो. हरलेल्या डावाला थोडी जास्त किंमत लावली की तो परवडेनासा होतो. मुख्य काम न वाजलेल्या शिट्टीचं, टेक्निकल तिच्या मदतीला.

पंचांनी ठरवलं तर खेळाडू किती लवकर बदलतात, याचा दाखला २०२१-२२ च्या हंगामात मिळाला. त्याआधी काही वर्षं नेमबाजांनी वेगळीच कला साधली होती. नेम मारताना पाय बाजूला फेकून बचावपटूला भिडवायचा, मोकळ्या हाताने त्याचा हात अडकवून वर उडी घ्यायची, धावता धावता मध्येच थांबून मागून येणाऱ्याला आपल्या पाठीवर आदळू द्यायचं. शिट्टी प्रत्येक वेळी नेमबाजाच्या बाजूने. त्या हंगामापासून एनबीएने पंचांना सांगितलं की अनैसर्गिक हालचालीतून संपर्क घडवला असेल तर एकतर शिट्टी नाही, नाहीतर आक्रमकावरच फाऊल. जेम्स हार्डनसारख्या खेळाडूंचे फ्री थ्रो हंगामाच्या सुरुवातीलाच उघड घटले. यासाठी कुणाला दंड केला नव्हता, कुणाच्या चारित्र्यावर चर्चा झाली नव्हती. जी हालचाल काल विकली जात होती तिला आज गिऱ्हाईक राहिलं नाही, एवढंच. २००४-०५ मध्ये बचावपटूच्या हाताच्या वापरावर असाच कटाक्ष ठेवला गेला तेव्हाही बाहेरून चेंडू घेऊन रिंगकडे मुसंडी मारणाऱ्या गार्डना मैदान मोकळं झालं होतं. खेळाडू नियमपुस्तक वाचत नाहीत, ते शिट्टी वाचतात, आणि ती फार पटकन वाचतात.

याच कारणाने शिट्टी त्यांना आजवर काय शिकवत आली, हे बघायला हवं. पंचांच्या प्रशिक्षणात संपर्क मोजायला चार शब्द वापरतात: लय, वेग, तोल, चपळाई. चेंडू घेऊन जाणाऱ्याच्या या चारांपैकी कशावर परिणाम झाला तर फाऊल, नाही झाला तर खेळू द्या. तत्त्व शहाणपणाचं आहे. त्याशिवाय दर मिनिटाला खेळ थांबेल. पण त्याची दुसरी बाजू बघा. परिणाम दिसल्याशिवाय फाऊल नसेल, तर खेळाडू परिणाम दाखवणारच. कमरेवर हात ठेवून त्याला अडवलं, तरी तो ताकदीने पुढे गेला आणि तोल सावरून नेम मारला, तर पंच म्हणतो, काही झालं नाही. पुढच्या वेळी तोच हात लागला की तो दोन पावलं लडखडतो आणि शिट्टी वाजते. पहिल्या वेळी तो प्रामाणिक होता, दुसऱ्या वेळी आपण त्याला नट म्हणतो. हात दोन्ही वेळी सारखाच होता. शाकिल ओनीलबद्दल त्याच्या काळात हे उघड बोललं जायचं: दोघे दोघे अंगाला लटकले तरी तो हलायचा नाही, म्हणून त्याच्यावरचे कितीतरी फाऊल मोजलेच गेले नाहीत. ताकदवान माणसाने ताकद वापरली याची शिक्षा त्याला, आणि हलका माणूस हलकेच पडला याचं बक्षीस त्याला, असा हा उलटा न्याय.

म्हणून मापायचं तर कारण मापा. हात कुठे होता, किती वेळ होता, बचावपटूचं धड त्याच्या स्वतःच्या जागेत होतं की समोरच्याच्या? लय आणि तोल बघायचा तो पुरावा म्हणून, अट म्हणून नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून ढकललं असेल तर समोरचा उभा राहिला काय आणि पडला काय, फाऊल तो फाऊल. हे एका हंगामभर सातत्याने झालं, तर पडण्यात फायदा उरत नाही, कारण न पडताही तेवढंच मिळतं. खोटं पडणाऱ्याला शिक्षा देण्याची मागणी करणाऱ्या कितीजणांनी उभं राहणाऱ्याच्या हक्काची मागणी केली आहे? हे अर्धं काम सोडून नुसती शिक्षा वाढवली, तर ज्यांना खरोखर मार बसतो आणि दखल घेतली जात नाही, त्यांच्या हातातलं शेवटचं हत्यारही आपण काढून घेऊ.

हा वाद अमेरिकेतला असला तरी त्याचे पडसाद इथल्या कोर्टांवर पोचतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या वरळीत सॅक्रामेंटो आणि इंडियाना यांचे दोन सामने झाले तेव्हा एनबीए पहिल्यांदा इथे प्रत्यक्ष दिसली, पण फोनवर ती त्याआधीपासून रोज दिसते. नागपाड्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल जगणाऱ्या वस्तीतला मुलगा युरोस्टेपसारखा पायांचा डाव जिथून शिकतो, तिथूनच मान झटकायलाही शिकतो. आपल्याकडे खेळ फिबाच्या नियमांवर चालतो. स्थानिक स्पर्धांत बहुतेक वेळा दोन पंच, सिमेंटचं कोर्ट, कॅमेरा असलाच तर कुणाच्या तरी काकांचा. तिथे सामन्यानंतरचा व्हिडिओ नाही आणि हजारो डॉलरचा दंडही नाही. तिथे चालेल असा उपाय एकच: पंचाची जागा, पंचाची नजर, आधी एक स्पष्ट ताकीद, ती संघाच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी, आणि नंतर न कचरता टेक्निकल. सिमेंटवर पडून गुडघे सोलून घेणाऱ्या मुलाला ही सवय लागू नये असं वाटत असेल, तर त्याच्या पंचाला वर्षातून एखादं शिबिर मिळेल एवढी व्यवस्था जिल्हा संघटनांनी करावी. फळ्यावर नियम लिहून देणारं शिबिर नको. बेसलाइनवर उभं करून, दोन खेळाडू अंगावर आणून, कुठून फट दिसते आणि कुठून दिसत नाही हे दाखवणारं हवं.

एनबीएकडे मात्र साधनांची कमतरता नाही. मार्च २०१५ पासून ती लीग अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल प्रसिद्ध करते: कुठली शिट्टी बरोबर, कुठली चूक, कुठे वाजायला हवी होती आणि वाजली नाही. हाच हिशेब आता संपूर्ण सामन्याचा मांडावा, आणि त्यात दोन रकाने वेगळे काढावेत. एकात पडून मिळवलेले चुकीचे फाऊल, दुसऱ्यात उभं राहिल्यामुळे न मिळालेले खरे फाऊल. प्लेऑफसाठी पंच निवडले जातात ते हंगामातल्या कामगिरीवरूनच. त्या निवडीत हे दोन्ही रकाने सारख्या वजनाने धरावेत.